बारावीनंतर थेट ‘जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी’मध्ये बीए करता येतं का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

ज्युनिअर कॉलेजात कला शाखेला शिकवते. बारावीतल्या एका विद्यार्थिनीला पदवीला लिंगभाव आणि लैंगिकता हाच विषय घ्यायचा आहे. उत्सुकता वरवरची नाही, वाचन चांगलं आहे, मराठी उत्तम, इंग्रजी वाचता येतं पण लिहिताना अडखळते. घरच्यांचं म्हणणं, ‘बीए कर, मग बीएड नाहीतर एमपीएससी.’ खासगी विद्यापीठाची फी परवडणारी नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर चालेल.

माझे प्रश्न असे:

१. अशी पदवी महाराष्ट्रात आहे का? नसेल तर सर्वांत जवळचा रस्ता कोणता?
२. या विषयात तीन-चार वर्षं नेमकं काय शिकवतात? पालकांना सांगता येईल अशा भाषेत.
३. पुढे काय? बीएड आणि स्पर्धा परीक्षेचा हट्ट यात बसतो का?

‘आवड असेल तर करू दे’ एवढंच उत्तर नको. ते मलाही देता येतं.

---

तळटीप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजांत त्या नावाची पदवी शोधत बसू नका, सहसा हाती लागत नाही. भारतात हा विषय वरून खाली आला. एसएनडीटी महिला विद्यापीठात संशोधन केंद्र १९७४ साली सुरू झालं, १९८१ साली तिथेच स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं विद्यापीठांत केंद्रं काढली आणि पुणे विद्यापीठाचं केंद्र १९८७ चं. म्हणजे आधी संशोधन, मग एमए, आणि बीएच्या वर्गापर्यंत तो एखाद्या पेपराच्या रूपातच पोचला. एमए लिंगभावात आणि बीए समाजशास्त्रात, मराठीत, राज्यशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात, हा इथला सरळ रस्ता आहे. त्यात कमीपणा काही नाही.

मात्र नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बीएच्या आत या विषयाला बरीच जागा काढता येते. त्यासाठी हिशोब समजून घ्यायला हवा. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटांची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय सर्वांत मोठा, मायनर म्हणजे दुय्यम विषय साधारण १८ ते २०, ओई म्हणजे खुला वैकल्पिक १० ते १२. याशिवाय मूल्यशिक्षण, कौशल्याचे पेपर, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि ऑन-जॉब ट्रेनिंग असतं.

आता तिनं हा विषय कुठे कुठे बसवायचा?

मायनर: कॉलेज स्त्री अभ्यास किंवा लिंगभाव मायनर म्हणून देत असेल तर शोध तिथेच संपला. बहुतेक ठिकाणी मायनर दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून सुरू होतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी खिडकीवर कुणी त्याबद्दल बोलत नाही. विचारावं लागतं.

मेजरमधले वैकल्पिक पेपर: समाजशास्त्रात ‘लिंगभाव आणि समाज’ छापाचा पेपर जवळपास सगळीकडे असतो. राज्यशास्त्रात स्त्रीवादी विचार, मराठीत स्त्रीवादी आणि दलित स्त्रीवादी साहित्य, इतिहासात एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणा.

प्रकल्प: क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग हे दोन्ही खरं तर मोकळे रकाने आहेत. विषय विद्यार्थ्यानं सुचवायचा असतो. निम्मे विद्यार्थी वृक्षारोपणाचे फोटो चिकटवून मोकळे होतात. तिनं तसं करू नये.

आणि आता ओई, कारण दरवर्षी मुलं इथे फसतात. ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. कला शाखेच्या मुलीनं समाजशास्त्र मेजर घेतलं आणि ‘जेंडर स्टडीज’ हा ओई मानव्यविद्येखालीच दाखवलेला असला, तर तो पेपर तिच्यासाठी नाहीच! तो वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांसाठी आहे. तोच पेपर आंतरविद्याशाखीय गटात दाखवला असेल तर मिळू शकतो. त्यामुळे ‘तुमच्याकडे जेंडरचा ओई आहे का’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. ‘तो कोणत्या विद्याशाखेखाली आहे आणि कला मेजरवाल्यांना मिळतो का’ हे विचारा.

दुसरी फसगत: माहितीपत्रकात दहा वैकल्पिक विषय असतात, चालतात तीन. पुरेशी नोंदणी झाली नाही किंवा शिकवणारं माणूस तासिका तत्त्वावरचं असलं आणि ते गेलं, की पेपर बंद. गेल्या दोन वर्षांत तो पेपर प्रत्यक्षात किती मुलांनी दिला, हे विभागात जाऊन विचारा. ऑफिसात नव्हे.

स्थानिक पेपर नसेल तर स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत पेपर स्वयमवरून घेता येतात आणि क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा होतं. पण कॉलेजनं सत्र सुरू होतानाच तो अभ्यासक्रम मान्य केलेला असावा लागतो. आधी करून मग ‘क्रेडिट द्या’ म्हणून अर्ज केला तर प्रमाणपत्र फायलीत राहतं, गुणपत्रिकेत येत नाही.

---

गोधडी

तळटीप यांनी रचना सांगितली. अभ्यासक्रम हातात आल्यावर तो जोखायचा कसा, ते मी सांगते. नाव सारखं असलं तरी आतला माल फार वेगळा असतो.

पहिली चाचणी, जात कुठे येते? शेवटच्या घटकात ‘दलित स्त्रियांचे प्रश्न’ म्हणून दोन तास असतील तर अभ्यासक्रम जुना आहे. जात आणि लिंगभाव वेगळे काढताच येत नाहीत, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडलं. जातीतल्या जातीतच लग्न ही चौकट टिकवायची तर विधवा आणि विधुर हे दोन ‘जादा’ जीव अडचणीचे ठरतात. मग सती, सक्तीचं वैधव्य आणि बालिकेशी विवाह या तीन प्रथा त्या अडचणीवरचे उपाय म्हणून येतात. हा युक्तिवाद पहिल्या वर्षात शिकवला जात असेल तर विभाग चांगला आहे असं समजायला हरकत नाही. मुक्ता साळवेचा १८५५ चा निबंध आणि ताराबाई शिंद्यांची १८८२ ची ‘स्त्रीपुरुष तुलना’ मूळ मराठीत वाचायला लावतात का, हेही बघा. इंग्रजी भाषांतरातून ताराबाई शिकवणारे मराठी प्राध्यापक आहेत, काय बोलणार.

दुसरी चाचणी लैंगिकतेची. पुष्कळ ठिकाणी नावात लैंगिकता असते आणि आत फक्त कायदा असतो: तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१४ चा नालसा निकाल, समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा ६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ चा निकाल, १७ ऑक्टोबर २०२३ चा समलिंगी विवाहहक्काचा निकाल. हे लागतंच, पण लैंगिकतेचा अभ्यास म्हणजे निकालांची यादी नव्हे. इच्छा, लग्नसंस्था, लावणी आणि तमाशातलं श्रम व कलंक, देवदासी प्रथा, संततिनियमन, पुरुषपण कसं घडतं, अपंगत्व आणि लैंगिकता, हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात तर र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं आंबेडकर उभे राहिले. पदवीच्या मुलीला यावर मराठी साधनांतून उत्तम प्रकल्प करता येईल. परदेशातल्या विद्यार्थ्याला हे वाचायला आधी भाषा शिकावी लागेल. तिला ती येते.

तिसरी, संशोधन पद्धती. स्वतंत्र पेपर आहे का? मुलाखत कशी घ्यायची, प्रश्नावली कशी करायची, आकडे कसे वाचायचे हे नसेल तर चार वर्षांनी मत तयार होतं, कौशल्य नाही.

पालकांसाठी एका वाक्यात: बाई काय करते, पुरुष काय करतो, कुणाला काय करू दिलं जात नाही आणि ते कोण ठरवतं, याचा कायदा, इतिहास, आकडेवारी आणि साहित्य यांच्या आधारे अभ्यास. पालक ‘सेक्शुअ‍ॅलिटी’ या शब्दाला बिचकत असतील तर ‘स्त्री अभ्यास’ म्हणा. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या यादीतही विषयाचं नाव तेच आहे आणि लिंगभाव अभ्यास त्यातच धरतात.

---

उभा आडवा

गोधडी यांच्या तिसऱ्या चाचणीला अनुमोदन, पण मी एक पाऊल पुढे जाऊन वाद घालतो. या मुलीनं समाजशास्त्र मेजर घेऊ नये. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्यावं आणि लिंगभाव मायनर.

कारण सांगतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीतला एक आकडा सगळीकडे फिरतो: स्त्रिया घरकामाला रोज २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. यावरून ‘बायका पुरुषांच्या तिप्पट काम करतात’ असं भाषणात म्हणतात. चूक आहे, आणि चूक स्त्रियांच्या विरोधात जाते! हे आकडे फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या माणसांची सरासरी आहेत. घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. न करणारेही धरले तर सरासरी स्त्रियांची सुमारे २४३ मिनिटं, पुरुषांची सुमारे २५. म्हणजे तिप्पट नव्हे, जवळजवळ दहापट. २०२४ च्या पाहणीत २८९ आणि ८८ आलं. तिथेही आधी हाच प्रश्न विचारायचा: सरासरी कुणाची? भाजक कोणता?

एवढा एक भागाकार न येणारी माणसं जेंडर ट्रेनिंग देत फिरतात. समाजशास्त्राच्या वर्गात हे शिकवतच नाहीत असं नाही, पण सक्ती नसते. अर्थशास्त्रात असते.

---

गोधडी

@उभा आडवा, आकड्यांचं पूर्ण मान्य. उपाय मान्य नाही. बारावी कला शाखेतून आलेली, गणित दहावीनंतर सुटलेली मुलगी संख्याशास्त्र मेजर घेणार कशी? पुष्कळ ठिकाणी पात्रताच नसते. अर्थशास्त्र घेता येईल, पण तिथे बीएला लिंगभाव एखाद-दुसऱ्या घटकात येतो आणि मार्गदर्शक मिळत नाही. तिनं समाजशास्त्र मेजर घ्यावं आणि कौशल्याच्या पेपरांत आकडेवारी, एक्सेल, सर्वेक्षण हे निवडावं. तुम्ही दिलेला भागाकार बीएच्या पहिल्या वर्षात शिकता येतो.

शिवाय तो आकडा गोळा कसा होतो तेही बघायला हवं. त्या पाहणीत आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून त्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे २४ तास अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ कप्प्यांत भरतात. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाची नोंद. आता बाई भाकरी थापते आहे, पाय पाळण्याच्या दोरीला, कान कुकरच्या शिट्टीकडे. एका कप्प्यात एकाहून जास्त कामं लिहिता येतात, पण त्यासाठी विचारणाऱ्यानं विचारायला हवं. ‘त्या वेळी काय करत होता?’ म्हटलं की उत्तर एकच येतं, भाकरी. ‘तेव्हा मूल कुणाजवळ होतं?’ विचारलं की दुसरं काम बाहेर पडतं. हे मुलाखतीचं कसब आहे, गणिताचं नाही.

---

शब्दखूण

भाषेबद्दल लिहायला आलो. मराठीत हा विषय करताना सर्वांत जास्त गोंधळ शब्दांचा होतो आणि पेपर तपासताना तो उघडा पडतो.

लिंग: शरीराचा भेद. पण तोच शब्द व्याकरणातला (नपुंसकलिंग), तोच अवयवाचा, तोच शिवाचा. म्हणून सर्वेक्षणात ‘तुमचे लिंग?’ असा प्रश्न गावात विचारला की आधी हशा, मग अवघडलेपण. ‘नोंद कशी करू, स्त्री, पुरुष की अन्य? तुम्ही सांगाल तशी’ असं विचारावं. नुसती नोंद हवी असेल तर पुरेसं आहे.

लिंगभाव: समाजानं घडवलेलं बाईपण, पुरुषपण. जेंडरसाठी हाच शब्द अभ्यासात रुळला आहे. सरकारी कागदात ‘लिंग समानता’, ‘लैंगिक समानता’, ‘स्त्री-पुरुष समानता’ असे तिन्ही सापडतात. उद्धृत करताना मूळ शब्द ठेवावा, स्वतः लिहिताना लिंगभाव.

लैंगिकता: इच्छा, आकर्षण, संबंध, त्यांचे नियम. खरी अडचण ‘लैंगिक’ या विशेषणाची. ‘लैंगिक भेदभाव’ म्हणजे बाई म्हणून पगार कमी देणं, की लैंगिक कलामुळे नोकरी नाकारणं? मराठीत दोन्ही निघतं. म्हणून पहिल्यासाठी ‘लिंगभावाधारित भेदभाव’, दुसऱ्यासाठी ‘लैंगिक कलावरून भेदभाव’ असं पूर्ण लिहा. लांबतं, पण गुण जात नाहीत.

तृतीयपंथी, हिजडा, जोगता, पारलिंगी हे एकमेकांचे समानार्थी नाहीत. तृतीयपंथी हा शासनाचा शब्द, राज्याच्या कल्याण मंडळाच्या नावातही आहे. हिजडा म्हणजे गुरू-चेला परंपरा असलेला समुदाय. जोगते यल्लमाच्या परंपरेतले. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पारलिंगी पुरुष रूढ वापरातल्या या पहिल्या तीन शब्दांत बसत नाही. प्रकल्पात ‘तृतीयपंथीयांच्या समस्या’ असं शीर्षक देऊन फक्त एका घराण्यातल्या हिजड्यांच्या मुलाखती घेतल्या तर शीर्षक खोटं ठरतं. समोरची व्यक्ती स्वतःला काय म्हणवते ते विचारून तेच लिहावं.

विद्यार्थिनीची इंग्रजी लिहिण्याची अडचण आहे म्हणालात. तिनं पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी, खाली स्वतःच्या आसपासचं एक उदाहरण. उदाहरण सापडलं नाही तर संज्ञा कळलेली नाही असं समजायचं. एमएला पुष्कळशी वाचनं इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमाची मुलं पहिल्या सत्रात तिथेच गळतात, विषय अवघड असतो म्हणून नाही.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. ओईची भानगड मलाही माहीत नव्हती. तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे, नोकरी आणि बीएड. आणि क्षेत्रीय प्रकल्पाबद्दल आणखी सांगा. मुलगी उत्साही आहे, थेट ‘अल्पवयीन मुलींचे विवाह’ घेईन म्हणते.

---

साडेदहाची फाईल

नोकरीबद्दल, गोड न करता.

बीएड: माध्यमिक शाळेसाठी बीएड करायचं तर पदवीला शाळेत शिकवला जाणारा विषय लागतो. लिंगभाव शाळेत विषय नाही. म्हणून मेजर मराठी, इंग्रजी, इतिहास असं काही असेल तर घरच्यांचा हट्टही सांभाळला जातो. समाजशास्त्रवाल्यांना मुख्यतः अकरावी-बारावीचा मार्ग असतो आणि तिथे पदव्युत्तर पदवी लागते. घरी बीएडवर अडून बसले असतील तर मराठी मेजर आणि लिंगभाव मायनर ही जोडी मला समाजशास्त्रापेक्षाही बरी वाटते. वर कुणी सुचवली नाही म्हणून लिहितो.

स्पर्धा परीक्षा: यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत स्त्री अभ्यास नाही. सर्वांत जवळचा समाजशास्त्र. निबंध आणि सामान्य अध्ययनात मात्र उपयोग होतो.

प्राध्यापकी, संशोधन: नेटमध्ये स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केली तर एमए न करताही नेट देता येते, पण नुसत्या बीएच्या बळावर या विषयात पीएचडी मार्गदर्शक शोधणं अवघड, एमए करावंच. कायम जागा फार थोड्या आहेत. बरीच केंद्रं योजनेच्या पैशावर चालत आली, त्यामुळे माणसं कंत्राटावर. हे आत्ताच सांगा.

समुपदेशन, विशेष कक्ष, वन स्टॉप सेंटर: पोलीस ठाण्यातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टिसनं (टाटा समाजविज्ञान संस्था) १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला, पुढे राज्यभर गेला. काम या विषयाच्या ऐन गाभ्याचं. पण जाहिरातीत बहुधा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्र मागतात. स्त्री अभ्यासाचं एमए ‘समकक्ष’ धरतात की नाही हे जाहिरातीगणिक बदलतं. पीडितांसोबत थेट काम करायचं असेल तर बीएनंतर एमएसडब्ल्यू, धोरण, प्रशिक्षण किंवा संशोधन करायचं असेल तर स्त्री अभ्यासात एमए. हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घ्यावा लागतो, कारण प्रवेश परीक्षा पदवीच्या निकालाआधी होतात.

कंपन्यांतली समिती: ‘पॉशमध्ये खूप स्कोप आहे’ असं यूट्यूबवर सांगतात, त्याबद्दल सावध राहा. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात एक बाहेरची सदस्य हवी, हे खरं. पण ती स्वयंसेवी संस्थेतली किंवा या प्रश्नाची जाणकार असावी लागते. नियमांत तिचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च लिहिला आहे. कंपन्या यापेक्षा जास्त देतात, पण अनुभव बघून. जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर समाजकार्यकर्ती म्हणून जायचं तर किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा ही पदवीनंतर लगेच मिळणारी नोकरी नव्हे. कॉलेजात असतानाच अनुभव घ्यायचा असेल तर यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार, विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणांत कॉलेजच्या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतात, तेही निवडून आलेले. आपल्या कॉलेजात ती निवडणूक झालीच नाही असं तिला आढळेल. तोच तिचा पहिला प्रकल्प होऊ शकतो.

सर्वांत जास्त जागा ग्रामीण विकासात: माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), स्वयंसेवी संस्था. तिथे ‘जेंडर’ हा शब्द कामाच्या नावात असो नसो, बचत गटाचं पुस्तक वाचता येणं आणि दुचाकी चालवता येणं यांना पदवीच्या नावापेक्षा जास्त भाव आहे.

---

तळटीप

अल्पवयीन विवाहाच्या प्रकल्पाबद्दल: नको. निदान पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत नको. आणि कारण भावनिक नाही, कायद्याचं आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलीचा विवाह झालेला आहे आणि शरीरसंबंध आहेत, हे मुलाखतीत कळलं की पॉक्सोच्या (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. कळवलं नाही तर कलम २१ मध्ये शिक्षा आहे. संशोधकाला सूट नाही. म्हणजे विद्यार्थिनीनं ‘तुमची माहिती गुप्त राहील’ असं संमतीपत्रावर लिहून दिलं, तर ते वचन तिला पाळताच येणार नाही. एकतर कायदा मोडायचा, नाहीतर विश्वास. एकोणीस वर्षांच्या मुलीला या पेचात घालू नये, आणि त्या दुसऱ्या मुलीला तर नाहीच.

विषय सोडायचा नसेल तर बाजू बदला. चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांना त्यांच्या काळातल्या लग्नांबद्दल विचारा: वय कुणी ठरवलं, शाळा कधी सुटली, सासरचं पहिलं काम कोणतं. किंवा कागदावर काम करा: गावातल्या शाळेच्या पटावरून सातवीतून आठवीत, दहावीतून अकरावीत जाताना किती मुली गळतात ते वर्षवार काढा, नावं न टिपता, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीनं. वीस लग्नपत्रिका गोळा करून कुणाची नावं कुठल्या क्रमानं छापली, वधूचं शिक्षण दिलंय का, मृत आईचं नाव येतं का, हेही चालेल. पत्रिकेचा प्रकल्प साधा दिसतो, पण मोजता येतो आणि त्यात कुणाला इजा होत नाही.

वेळ-वापराचा प्रकल्प करायचा तर गोधडींनी दिलेले ४८ कप्पे घ्या, २० घरं पुरेत, प्रत्येक घरातली एक प्रौढ स्त्री आणि एक प्रौढ पुरुष. तीन गोष्टी बिघडतात. एक, बाईच्या वतीनं नवरा किंवा मुलगा उत्तर देतो, म्हणून दोघांना वेगळं, शक्यतो एकाच वेळी दोन विद्यार्थ्यांनी विचारायचं. दोन, सण, लग्न किंवा बाजाराचा दिवस निवडला जातो आणि सगळे आकडे फुगतात. आदला दिवस नेहमीचा होता का, हे पहिलंच विचारा. तीन, घड्याळाची वेळ सांगता येत नाही. मग नळाला पाणी, एसटीची वेळ, मालिका, दूध घालायला येणारा यांच्या खुणांवर दिवस बांधायचा. शेवटी उभा आडवा यांचा भागाकार दोन्ही पद्धतींनी करून दोन्ही आकडे द्यायचे. संमती तोंडी चालते, पण वाचून दाखवलेला मजकूर वहीत हवा आणि ‘मधेच थांबवलं तरी चालेल’ हे वाक्य त्यात हवं.

---

सातासमुद्री

परदेशाचं थोडक्यात, कारण खर्चामुळे या मुलीला आत्ता लागू नाही. पण इथे शोधत येणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल.

अशी पदवी खरोखर तिकडे आहे. कॅनडात टोरोंटो विद्यापीठात स्त्री व लिंगभाव अभ्यास वेगळा आणि लैंगिक विविधता अभ्यास वेगळा, दोन्ही पदवीला घेता येतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लिंगभाव, वंश, लैंगिकता आणि सामाजिक न्याय अशा जोडनावाचा मेजर आहे. पण टोरोंटोत बारावीनंतर थेट त्या विषयात प्रवेश नसतो. आधी कला शाखेत, मग पहिल्या वर्षानंतर विषय. पूर्ण पदवी २० क्रेडिटची, आणि एक स्पेशलिस्ट, किंवा दोन मेजर, किंवा एक मेजर व दोन मायनर अशी जोडणी सक्तीची. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे वर्षभराचा पेपर, आपल्या क्रेडिटशी तुलना करू नये. पुष्कळ मुलं दोन मेजर घेतात आणि दुसरा मेजर पोटापाण्याचा असतो.

एक धोका इथे कुणी मोजत नाही, राजकारणाचा. हंगेरीनं २०१८ साली जेंडर अभ्यासाच्या पदव्युत्तर पदवीची मान्यता काढली. फ्लोरिडातल्या एका सरकारी कॉलेजच्या मंडळानं २०२३ साली हा विभागच बंद करायला घेतला. सरकारी विद्यापीठ निवडताना हे बघा, आणि विभाग बंद झाला तर आधीच्या तुकडीला पदवी पूर्ण करू देतात का, हे लेखी विचारा.

---

गोधडी

एमएचं राहिलं होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईत टिस, गोवा विद्यापीठाचा स्त्री अभ्यास विभाग, दिल्लीत आंबेडकर विद्यापीठ. नोकरी करत करायचं तर इग्नू, तिथे २००७ पासून यासाठी स्वतंत्र विभाग आहे. टिसला आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, पुण्याची प्रवेश परीक्षा वेगळी. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे एकाची वाट बघत दुसरा अर्ज सोडू नका.

चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. छोट्या कॉलेजात नसतात. तिथे चौथं वर्ष काढण्यापेक्षा तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एमए बरं.

---

कृष्णाकाठ

मराठी मेजर, लिंगभाव मायनर ही जोडी घरच्यांना पटेल असं दिसतं. तीन कॉलेजांना फोन केले. दोघांनी मायनर नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं ‘आहे’ म्हटलं, पण कोणत्या विद्याशाखेखाली ते सांगता आलं नाही.

---

तळटीप

मायनरला विद्याशाखेची अट नाही, ती फक्त ओईला. त्या तिसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाचं चालू वेळापत्रक बघायला मागा. त्यात मायनरचे तास आणि शिकवणाऱ्याचं नाव असेल तर प्रवेश घ्या. नुसतं माहितीपत्रक दाखवलं तर घेऊ नका.